संशोधन आधी, विज्ञानप्रसार निवृत्तीनंतर? (नारळीकरांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने)

रोहिणीशकट

खगोलभौतिकीकडे वळणाऱ्या मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो: आधी पेपर लिहा, नोकरी पक्की करा, लेख-व्याख्यानं-आकाशदर्शन वगैरे निवृत्तीनंतर बघू. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. डॉ. जयंत नारळीकरांच्या आयुष्यातल्या तारखा एका ओळीत मांडल्या तरी ते दिसतं.

जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. १९५७ साली बनारस हिंदू विद्यापीठातून बीएस्सी, मग केंब्रिज. १९५९ साली सीनियर रँग्लर (गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले), १९६३ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याकडे पीएचडी, १९६७ साली अ‍ॅडम्स पारितोषिक. १९७२ साली मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) रुजू आणि १९७४ साली पहिली मराठी विज्ञानकथा. वय वर्षं ३६, संशोधन ऐन भरात. १९८८ साली पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राची स्थापना, १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत विश्वरचनेचा नवा आराखडा, १९९६ साली विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचं कलिंग पारितोषिक. २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. यात ‘संशोधन संपलं, आता प्रसार सुरू’ अशी रेघ कुठे ओढणार?

तर प्रश्न असा: आजच्या विद्यार्थ्याला हे जमण्यासारखं आहे का? कुठल्या टप्प्यावर किती वेळ द्यावा, काय करावं, काय टाळावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कृत्तिका

तारखा बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. त्याच यादीत एक तारीख राहिली: पद्मभूषण, १९६५. वय २६. पहिली कथा छापून आली तेव्हा नारळीकर टीआयएफआरमध्ये प्राध्यापक होते, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची फेलोशिप मागे जमा होती. ज्याची नोकरी पक्की आहे त्यानेच प्रसारात हात घातला, हेच तर या तारखा सांगतात.

आजचा हिशेब बघा. बीएस्सी ३ वर्षं, एमएस्सी २, पीएचडी ५ ते ६, त्यानंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या किमान दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नेमणुका), त्यातली एक बहुधा परदेशात. कायम पदासाठी अर्ज करायची वेळ येते तेव्हा वय ३३ ते ३५. २०२३ पासून कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी वरिष्ठ ४२,०००, घरभाडं वेगळं. अर्ज चाळणारी समिती बघते प्रथम लेखक म्हणून किती पेपर, शिफारसपत्रं कोणाची आणि पुढच्या पाच वर्षांचा संशोधन आराखडा. शाळांत दिलेली व्याख्यानं शेवटच्या पानावर एका ओळीत जातात.

सगळ्यात धोक्याचं वर्ष म्हणजे पीएचडीचं चौथं. पहिला पेपर परीक्षकांकडून दुरुस्त्यांसह परत आलेला, दुसऱ्याचं विश्लेषण अर्धवट, त्यात ग्रहण किंवा धूमकेतू आला की गावोगावची बोलावणी. तेव्हा ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

लंबक

@कृत्तिका, चौथ्या वर्षाबद्दल सहमत. पण प्रसाराचा संशोधनाला काहीच उपयोग नाही असं कोणी समजू नये.

१९६१ च्या फेब्रुवारीत मार्टिन राइल यांनी रेडिओस्रोतांची (रेडिओलहरी सोडणाऱ्या दूरच्या दीर्घिका वगैरेंची) मोजणी जाहीर केली आणि हॉइल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत (विश्वाला आरंभ नाही, ते सर्व काळ सारखंच दिसतं) निकालात निघाला असं सांगितलं. मुद्दा थोडक्यात: मंद स्रोतांकडे जावं तशी त्यांची संख्या किती वेगाने वाढते ते मोजायचं. विश्व सगळीकडे आणि सर्व काळ सारखंच असेल, तर ती एका मर्यादेपेक्षा वेगाने वाढू नये. राइल यांच्या मोजणीत ती जास्त वेगाने वाढत होती. हॉइल आणि नारळीकरांनी उत्तर तयार केलं की दीर्घिकांचं वाटप मोठ्या अंतरावरही एकसारखं नसेल, आणि आपल्या आसपास स्रोत विरळ असतील, तर अशी मोजणी मिळू शकते. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ते मांडायला उभे राहिले नारळीकर, तेव्हा संशोधक विद्यार्थी. मोजक्या मिनिटांत, विरोधी मताच्या श्रोत्यांपुढे, एकच मुद्दा घेऊन.

शाळेतल्या चाळीस मिनिटांच्या व्याख्यानाला तीच तयारी लागते. एक मुद्दा निवडायचा, त्याला लागणाऱ्या दोन संकल्पना आधी मांडायच्या, बाकी सगळं गाळायचं. ज्याला हे जमतं त्याच्या पेपरचा गोषवाराही वाचनीय होतो आणि पोस्टडॉकची मुलाखतही बरी जाते.

आडगावकर

दोघांचंही वाचलं. माझ्या मते धाग्यात मुख्य गोष्ट अजून आलेलीच नाही. नारळीकरांनी प्रसार स्वतःच्या संध्याकाळच्या मोकळ्या वेळावर सोडला नाही, संस्थेच्या कामात बसवला.

आयुका हे विद्यापीठ अनुदान आयोगाचं आंतरविद्यापीठीय केंद्र. शास्त्रज्ञ यशपाल या आयोगाचे अध्यक्ष असताना कल्पना पुढे आली. पुणे विद्यापीठाच्या आवारात जागा मिळाली, इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. आवारात पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबक आहे, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं, २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी सगळ्यांना दार उघडं, पुढे मुक्तांगण विज्ञान शोधिका ‘पुलस्त्य’ या स्वतंत्र इमारतीत. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी करण्याचं काम तिथूनच वर्षानुवर्षं केलं.

यामुळे होतं काय? व्याख्याता आजारी पडला किंवा परदेशी गेला तरी शनिवार चुकत नाही. वेळापत्रक, सभागृह, माणूस, पैसा हे चारही संस्थेचं. एकट्याच्या उत्साहावर चाललेले उपक्रम दोन-तीन वर्षांत का बंद पडतात? बहुतेक वेळा व्याख्याता असतोच. सभागृहाची परवानगी, बसभाडं आणि शाळेशी पत्रव्यवहार करणारं कोणी नसतं.

दुसरं, तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी. आयुकाची सहयोगी योजना याच लोकांसाठी आहे. विद्यापीठ किंवा महाविद्यालयातल्या शिक्षकाला ठरावीक मुदतीसाठी सहयोगी म्हणून निवडतात, प्रवास आणि राहण्याचा खर्च केंद्राचा, ग्रंथालय आणि संगणक वापरता येतात. सुट्टीत जाऊन संशोधन करायचं आणि परत येऊन वर्गात शिकवायचं. कारकिर्दीचा हाही एक मार्ग आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो.

मृगशीर्ष

आडगावकर, +१. यात एक भर. संस्थेत नेमणुका करताना नारळीकरांनी स्वतःच्या सिद्धांताचं पथक उभं केलं नाही. त्यांचे विद्यार्थी पद्मनाभन यांनी विश्वातल्या रचनांच्या वाढीवर प्रचलित चौकटीत काम केलं. संजीव धुरंधर गुरुत्वीय लहरींच्या संकेतशोधनावर काम करत होते, लहरी सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधी. महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे लोक महास्फोट न मानणाऱ्या संचालकाच्या संस्थेत निर्धास्त काम करत होते. माझ्या मते आयुकाची सगळ्यात मोठी ताकद हीच.

पानशेतकर

प्रामाणिक प्रश्न आहे, कोणी रागावू नये. त्यांचा विश्वरचनेचा सिद्धांत बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मानला नाही. मग लोकांपुढे बोलताना ते कोणतं विश्व सांगत होते?

मृगशीर्ष

@पानशेतकर, रास्त प्रश्न आहे. जरा लांबेल.

मूळ स्थिर स्थिती सिद्धांत १९४८ चा, बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांचा. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना सूक्ष्मलहरींचं पार्श्वभूमी प्रारण सापडलं, तापमान परम शून्याच्या वर सुमारे २.७ अंश. महास्फोटात ते आपोआप येतं, स्थिर स्थितीत येत नाही. १९९३ च्या आराखड्यात हॉइल, बर्बिज आणि नारळीकरांनी दुसरा रस्ता धरला. विश्वात दिसणारा सगळा हेलियम ताऱ्यांनीच बनवला असं धरा. ते बनवताना जी ऊर्जा बाहेर पडली ती पूर्ण विखरून एका तापमानाला आली तर किती तापमान मिळेल? उत्तर सुमारे २.७ अंशच येतं. हा योगायोग खरोखर विचार करायला लावणारा आहे.

अडचण पुढे आहे. ताऱ्यांचा प्रकाश विखरून सूक्ष्मलहरींत आणायला काहीतरी हवं. त्यासाठी त्यांनी लोखंडाचे अतिबारीक, मिलिमीटरभर लांबीचे तंतू आंतरदीर्घिकीय अवकाशात असल्याचं मांडलं, स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या वाफेतून गोठलेले. पण पार्श्वभूमी प्रारणात जे लहानमोठे चढउतार मोजले गेले, त्यांची शिखरं ठरावीक कोनीय अंतरावर येतात, आणि महास्फोटाची चौकट ती मोजक्या आकड्यांत बसवते. ड्यूटेरियमही (जड हायड्रोजन) ताऱ्यांत बनत नाही, नष्ट होतं, त्यामुळे त्याचा उगम सांगणं अवघड जातं. बहुसंख्यांचं मत याच मोजमापांवर उभं आहे.

आणि ते लोकांना काय सांगत? दोन्ही बाजू. प्रचलित मत कोणतं, आपलं कोणतं आणि कोणत्या निरीक्षणाने फैसला होईल. सध्या प्रसार करणाऱ्यांनी निदान एवढं उचलावं: आपलं मत आणि क्षेत्राचं मत वेगळं सांगावं.

स्वाती_खगोल

याच अंगाने फुग्याच्या प्रयोगाबद्दल लिहायला हवं. हॉइल आणि विक्रमसिंघे यांचं म्हणणं, जीवाणू अंतराळातून पृथ्वीवर येतात. नारळीकरांनी ते तपासायचं ठरवलं. हैदराबादच्या टीआयएफआरच्या फुगा-केंद्रातून जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये फुगे सोडले, ४१ किमीपर्यंतची हवा गोळा केली.

यातली मेख नमुना घेण्यात आहे. पोलादी नळकांडी आधी निर्जंतुक करून निर्वात करायची आणि द्रवरूप निऑनमध्ये बुडवून थंड ठेवायची. वर गेल्यावर झडप उघडली की बाहेरची विरळ हवा आत शिरून गोठते, म्हणून एवढ्याशा नळकांड्यात भरपूर हवा मावते. मग झडप बंद. दुसऱ्या उड्डाणाचे नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या दोन जीवशास्त्र संस्थांनी स्वतंत्रपणे तपासले, म्हणजे एका प्रयोगशाळेतला संसर्ग दुसरीत पकडला जावा. १२ जीवाणू आणि ६ बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यांत तीन जीवाणू नवे निघाले, त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावं दिली.

पण इस्रोनेही तेव्हाच स्पष्ट केलं की यामुळे परग्रहावरचा उगम सिद्ध होत नाही. आर्यभटाच्या नावाचा जीवाणू तर पुढे शेताच्या मातीत, पिकांच्या मुळांशी अनेक ठिकाणी सापडला. वादळं आणि ज्वालामुखी मातीचे कण किती उंच नेऊ शकतात हा प्रश्न उघडाच राहिला. व्याख्यानात सांगायचं असेल तर हा भाग गाळू नका. नुसतं ‘४१ किमीवर जीव सापडले’ एवढंच सांगितलं तर ऐकणारा भलताच अर्थ घेऊन घरी जातो.

बेरीजवाला

फलज्योतिषाची चाचणी राहिली! माझ्या मते संशोधन आणि प्रसार एकत्र येण्याचं ते सर्वात शुद्ध उदाहरण.

२००८ मध्ये नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती केली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला सरमिसळ ४० पत्रिका द्यायच्या, त्याने कोणती कोणत्या गटातली ते सांगायचं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. सर्वोत्तम उत्तर ४० पैकी २४. निकाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

आकडा समजून घ्या. नाणं उडवून उत्तरं दिली तर ४० पैकी सरासरी २० बरोबर येतात, प्रमाण विचलन (सरासरीपासून साधारण किती फरक पडतो ते) सुमारे ३.२. म्हणून २४ बरोबर येणं अगदी साधारण. एकट्या माणसाला नुसत्या अंदाजाने २८ मिळण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, पण २७ जणांतल्या एखाद्याला ते मिळण्याची शक्यता पाचात एक. त्यामुळे एखाद्याला २८ मिळाले असते तरी तेवढ्यावर शास्त्र सिद्ध झालं नसतं, त्याच माणसाची पुन्हा परीक्षा घ्यावी लागली असती. शाळेत हा प्रयोग नाण्यांनी करता येतो: ३० मुलं, प्रत्येकाने ४० वेळा नाणं उडवायचं, फळ्यावर आलेख. एक तास पुरतो.

नांदेडी

वाचनखूण साठवली. धुरंधर नाव वाचून विचारतो, हिंगोलीच्या लायगो-इंडियाचं (गुरुत्वीय लहरी टिपायच्या वेधशाळेचं) काम मराठवाड्यातल्या मुलांना समजावून सांगायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

लंबक

@नांदेडी, औंढा नागनाथजवळ दोन भुजा काटकोनात, प्रत्येकी ४ किमी. २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, अंदाजे खर्च २,६०० कोटी. मुलांना भुजांचा आराखडा शाळेच्या मैदानावर १ किमीला १ मीटर या प्रमाणात चुन्याने आखून द्या. लहर गेली की एक भुजा लांब आणि दुसरी आखूड होते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा, हे शेवटी सांगा. आधी सांगितलं तर पुढचं कोणी ऐकत नाही, सगळे त्या आकड्यावरच अडकतात.

कावेरी_द

पोस्टकार्डांबद्दल कोणीच लिहिलं नाही? मुलं सही मागायला आली की नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि खरंच उत्तर येई. आज ईमेलला जागेची मर्यादा नाही म्हणून उत्तरं तीन-तीन पानी होतात आणि मूल दुसऱ्या परिच्छेदात सोडून देतं. कार्डावर सहा-सात ओळी. पीएचडीच्या विद्यार्थ्याने आठवड्याला दोन कार्डं लिहिली तरी भरपूर झालं, वेळ अर्धा तास. @कृत्तिका, हे चौथ्या वर्षातही परवडेल.

नमुना म्हणून एक लिहिते. प्रश्न: सूर्याचं कृष्णविवर झालं तर पृथ्वी आत ओढली जाईल का?

“नाही. ओढ ठरते वस्तुमान आणि अंतरावर. सूर्याचं वस्तुमान तेवढंच राहिलं आणि आपण १५ कोटी किमीवरच राहिलो, तर ओढही तेवढीच. पृथ्वी याच कक्षेत, याच वेळात फिरत राहील. मात्र उजेड आणि ऊब जाईल. कृष्णविवर व्हायला सूर्याला सुमारे ३ किमी त्रिज्येत दाबावं लागेल. तो स्वतःहून एवढा दबणार नाही, त्याला वस्तुमान कमी पडतं.”

बेरीजवाला

सुंदर उत्तर. एकच सुचवतो, शेवटचं वाक्य काढून तिथे प्रतिप्रश्न टाका: “पृथ्वीला कृष्णविवर करायचं तर किती त्रिज्या लागेल? सूर्य पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट जड आहे, आणि त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात बदलते.” सातवीच्या मुलाला त्रैराशिक येतं. उत्तर ९ मिलिमीटर. ते स्वतः काढलं की विसरणार नाही.

कावेरी_द

घेतलं. आणि सूर्य कृष्णविवर का होणार नाही ते दुसऱ्या कार्डावर.

शुक्रतारा

आकाशदर्शनाच्या रांगेबद्दल थोडं लिहितो, कारण नव्या लोकांचं नियोजन तिथेच कोसळतं.

दुर्बीण ८ इंची डॉब्सोनियन (साध्या, हाताने फिरवायच्या बैठकीवरची), नाभीय अंतर १२०० मिमी, नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) २५ मिमी. वर्धन ४८ पट, दृश्यक्षेत्र साधारण एक अंश. माग काढणारी मोटर नसते, म्हणून मधोमध आणलेला ग्रह दोन मिनिटांत कडेला जातो. प्रत्येक मुलाला चढणं-बघणं-उतरणं धरून ४० सेकंद. म्हणजे तीन मुलांनंतर दुर्बीण पुन्हा जुळवायची आणि तासाला फार तर ८० मुलं. शाळेने २०० पाठवली तर एका दुर्बिणीवर अडीच तास जातात, शेवटची मुलं कंटाळून जातात. दोन दुर्बिणी लावा आणि तिसरा गट नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखायला बसवा.

बिघडतं कुठे:
मुलं नेत्रिका हाताने धरतात आणि नळी हलते. हात पाठीमागे बांधायला सांगा. पायरीचं स्टूल हवंच, नाहीतर लहान मुलं नळीला लोंबकळतात. चष्मा काढायला सांगू नका, नाहीतर दर मुलामागे फोकस बदलावा लागतो. आरसा बाहेरच्या हवेच्या तापमानाला यायला पाऊण तास लागतो, तोवर गुरू उकळल्यासारखा दिसतो. दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढा.

तारीख शुद्ध सप्तमी-अष्टमीची धरा. अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला ठेवू नका, सावल्याच नसतात आणि बाकीचं आकाशही धुऊन जातं. शनीच्या भरवशावर तर सध्या राहूच नका: मार्च २०२५ मध्ये कडी आपल्या दृष्टिरेषेत आली, म्हणजे नुसती धार दिसते, पूर्ण उघडायला काही वर्षं जातील.

आणि सूर्य: गाळणी नळीच्या पुढच्या तोंडावर. नेत्रिकेवर बसवायची गाळणी असेल तर फेकून द्या, उष्णतेने तडकते. शोधक दुर्बिणीला झाकण लावा किंवा ती काढूनच ठेवा. गाळणीचं पातळ पटल दर वेळी बल्बसमोर धरून तपासा, टाचणीएवढं भोक दिसलं तरी बाद.

आडगावकर

@शुक्रतारा, हे छापून प्रत्येक विज्ञान मंडळाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

दुर्बीण नसलेल्या शाळांसाठी शून्य सावलीचा दिवस: सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली पडत नाही. पाऊण मीटरची सरळ नळी, ओळंबा आणि पांढरा कागद. कोल्हापूर ६ मेच्या आसपास, पुणे १३-१४ मे, मुंबई १५-१६ मे, नागपूर २६ मे. गैरसोय एकच, शाळेला सुट्टी असते. दुसरी संधी जुलै-ऑगस्टमध्ये येते, पण तेव्हा ढग. म्हणून शाळेवर विसंबू नका, सोसायटीच्या गच्चीवर करा. आणि घड्याळातले बारा धरू नका. पुण्यात त्या दिवशी मध्यान्ह साडेबाराच्या जवळ येतं, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणे ७३.९ वर.

कृत्तिका

मूळ प्रश्नाकडे परत येते. आडगावकरांचा संस्थेचा मुद्दा मला पटला, त्यामुळे माझं म्हणणं थोडं बदलते. विद्यार्थ्याने प्रसार करावा, पण स्वतः कार्यक्रम उभा करू नये. संस्थेत किंवा जुन्या हौशी मंडळात जे चालू आहे त्यात जावं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. आयोजन त्यांचं, आपण बोलून परत यायचं. आयोजनाला व्याख्यानाच्या तिप्पट वेळ जातो.

पहिलं वर्ष अभ्यासक्रमाचं, काही नको. दुसरं-तिसरं: महिन्याला एक संध्याकाळ आणि कावेरींची कार्डं. चौथं-पाचवं: फक्त कार्डं. पोस्टडॉकमध्ये स्वतःच्या प्रत्येक पेपरवर मराठीत एक हजार शब्दांचा लेख, पेपर ताजा असताना दोन दिवसांत होतो. कायम पद मिळाल्यावर मात्र मागणी करायची: सभागृह, एक मदतनीस, वर्षाची तरतूद. आणि अमेरिकेत अनुदान मागणार असाल तर एनएसएफच्या (तिथल्या राष्ट्रीय विज्ञान निधीच्या) अर्जात समाजाला काय उपयोग हा निकष १९९७ पासून आहेच, तिथे या कामाची नोंद सविस्तर करावी.

रोहिणीशकट

कृत्तिकाताई, हे वेळापत्रक मला मान्य. माझा विरोध ‘निवृत्तीनंतर’ या शब्दाला होता, तो यात कुठे येत नाही.

एक सुचवते. याच धाग्यात कार्डं लिहूया. प्रश्न मी टाकते, मर्यादा सात ओळी, शेवटी मुलाला करता येईल असं एक गणित. पहिला: अवकाश काळं का दिसतं, एवढे तारे असताना?

मृगशीर्ष

हा मी घेतो. यात महास्फोट आणि स्थिर स्थिती दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, त्यामुळे दोन कार्डं लागतील.